अंगावर काही चट्टा होता का?



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. "बाई, ब्लॉग थंडावला का?" असं दोघातिघांनी विचारलं, आणि नात्यातल्या मंडळींनी तर "गुडघ्याचं नक्की काय झालं होतं ते एकदा नीट सांग, प्रत्येकाकडून वेगळंच ऐकायला मिळतं" असं सुनावलं. बरोबरच आहे त्यांचं. कुणाला वाटतंय मला अर्धांगवायू होऊन गेला, कुणाला वाटतंय चिकनगुन्या, आणि एका चुलतजावेनं तर अमेरिकेतलं पाणी बाधलं असा निकाल देऊन टाकलाय! तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते. लांबेल, पण वाचा. यात माझी एक चूक आहे, आणि ती आजवर मी लेकीशिवाय कुणाला सांगितलेली नाही.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे गेलो. ती कनेटिकट राज्यात राहते. घर गावाबाहेर, मागं अंगण, अंगणाच्या कडेला दगडी गडगा आणि गडग्यापलीकडं लगेच जंगल. आपल्याकडं शेताच्या बांधाला असतो ना, तसाच गडगा, नुसते दगडावर दगड रचलेले. संध्याकाळी हरणं अंगणात येत. मी तर हरखूनच गेले होते. सातारला आमच्या दारात गाढवं आणि मोकाट कुत्री, इथं हरणं! रोज संध्याकाळी गडग्यावर जाऊन बसायचा मला नादच लागला.

ज्येष्ठातली संकष्टी आली. आता गणपतीला दूर्वा कुठून आणणार? लेक म्हणाली, "आई, मनोभावे हात जोड, पुरे." पण सवय सुटत नाही. गडग्याच्या कडेला वाढलेल्या गवतात बसून तासभर मी दूर्वांसारखी दिसणारी काडी काडी निवडली. दूर्वा नव्हत्याच त्या, पण एकवीस मोजून वाहिल्या. ही तारीख माझ्या पक्की लक्षात आहे, कारण पुढं ती फार उपयोगी पडली. ७ जून.

आठवड्याभरानं आंघोळीच्या वेळी लक्षात आलं की कमरेला, परकराच्या नाडीच्या जरा खाली, एक चट्टा उठलाय. बायकांना वेगळं सांगायला नको. नाडी बांधते तिथं काच पडतो, घामानं नायटा उठतो, हे आयुष्यभराचंच. मी घरून नेलेलं कैलास जीवन लावलं आणि विसरले. चार दिवसांनी पाहिलं तर तो तळहाताएवढा झाला होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता. लाल म्हणावा तर लालही नाही, माझ्या सावळ्या कातडीवर तो मार बसून काळंनिळं व्हावं तसा जांभळट दिसत होता. आणि जागा अशी की कुणाला दाखवायची सोय नाही. लेकीला दाखवता आला असता. नाही दाखवला. तिचं ऑफिस, मुलाची शाळा, त्यात आमचं आजारपण नको. शिवाय तिथले डॉक्टर म्हणजे खिशाला केवढी चाट, आणि आमचा प्रवासी विमा कशाकशाचे पैसे देणार याचा पत्ता नाही. काच तर पडलाय, त्याचं काय एवढं!

मग ताप आला. अंग मोडून आलं, मान अवघडली, डोकं ठणकू लागलं. लेक आणि जावई दोघंही मला दवाखान्यात घेऊन गेले. करोनाची तपासणी झाली, ती निगेटिव्ह. तिथल्या तरुण डॉक्टरनं बरेच प्रश्न विचारले आणि लेक ते मराठीत करून मला सांगत होती. गोचीड चावली का? मी म्हटलं, "छे!" मग तिनं विचारलं, "आई, ते विचारतायत, अंगावर काही चट्टा होता का?"

जावई समोर खुर्चीवर बसले होते. माझ्या मोबाइलचं आणि औषधांचं ओझं मांडीवर घेऊन, बिचारे.

मी म्हटलं, "नाही."

एका शब्दाचं उत्तर. चौतीस वर्षं मुलांना "खरं बोला" म्हणून शिकवलं, आणि सत्तरी ओलांडल्यावर डॉक्टरसमोर सरळ खोटं बोलले. तेव्हा ते खोटं वाटलंच नाही. कमरेखालच्या चट्ट्याचा आणि तापाचा काय संबंध, आणि जावयासमोर ते काय सांगायचं, एवढंच मनात होतं.

तरी त्या मुलानं हुशारीनं लाइमसाठी रक्त काढलं. दोन दिवसांनी निकाल आला, निगेटिव्ह. ताप चार दिवसांत उतरला, चट्टाही हळूहळू विरून गेला. आम्ही जुलैच्या शेवटी परत आलो. आमच्या ह्यांची एक निळी फाइल आहे, तिच्यात गेल्या वीस वर्षांचा प्रत्येक कागद तारखेनुसार लावलेला असतो. तो रिपोर्टही त्यात गेला.

आता जरा शिक्षिकेच्या भूमिकेत शिरते, कारण पुढचं कळायला हे कळायला हवं.

लाइम हे गावाचं नाव आहे. मला आधी वाटलं लिंबाशी काहीतरी संबंध असेल! कनेटिकटमध्ये लाइम आणि ओल्ड लाइम अशी दोन गावं आहेत. तिथं पॉली मरी नावाच्या एक बाई राहत. त्या स्वतः, त्यांचे यजमान, मुलं, सगळ्यांना वर्षानुवर्षं काही ना काही होत असे. कधी पुरळ, कधी ताप, कधी गुडघे सुजणं. डॉक्टरांना एक काही सापडेना, आणि "बाई फार विचार करतात" अशा सुरात त्यांची बोळवण होई. पण बाई चिवट. कुणाला कधी काय झालं ते त्या टिपून ठेवत. शेजारपाजारच्या मुलांचेही गुडघे सुजताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि १९७५ साली त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. ओल्ड लाइमच्या आणखी एका आईनंही कळवलं होतं. मग येल विद्यापीठातले तरुण संधिवाततज्ज्ञ डॉ. अॅलन स्टीअर कामाला लागले. १९७७ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्यात लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम या तीन गावांतले ५१ रुग्ण होते, ३९ मुलं आणि १२ मोठी माणसं. लहान मुलांचा संधिवात हा तसा दुर्मीळ, तो एवढ्याशा भागात एवढ्या मुलांना एकदम कसा होईल? आणि खेड्यात दाट वस्तीपेक्षा झाडीजवळच्या घरांतच जास्त. यातल्या चौथ्या हिश्शाच्या आसपास लोकांना आठवलं की गुडघा सुजण्याच्या काही आठवडे आधी अंगावर पसरत जाणारा एक लाल चट्टा उठला होता. बाकीच्यांना तो उठलाच नव्हता की दिसला नव्हता, देव जाणे. असा चट्टा स्वीडनच्या आर्विद अफझेलियस यांनी १९०९ सालीच सांगून ठेवला होता, गोचीड चावण्याशी त्याचा संबंधही जोडला होता. पण युरोपातले कातडीचे डॉक्टर चट्टा पाहत आणि अमेरिकेतले सांध्याचे डॉक्टर गुडघा पाहत. मधली महिनादोन महिन्यांची दरी ओलांडून दोन्ही एकत्र बघायला कुणी नव्हतं.

जंतू सापडला १९८१ साली. मूळचे स्वित्झर्लंडचे डॉ. विली बर्गडॉर्फर दुसऱ्याच एका तापाचा शोध घेत गोचिडींची आतडी तपासत होते, त्यांना त्यात मळसूत्रासारखे वळ्यावळ्यांचे जंतू दिसले. पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झालं आणि नंतर जंतूला त्यांचंच नाव मिळालं, बोरेलिया बर्गडॉर्फेराय. हा उपदंशाच्या जंतूचा दूरचा नातेवाईक. (आमच्या पिढीला उपदंश हा शब्द उच्चारायलाही संकोच वाटतो. संकोचाचं तर हे सगळं रामायणच आहे!)

आणि गोचीड म्हणजे कोणती? माझं लहानपण खेड्यात गेलं. म्हशीच्या कानामागच्या गोचिडी उपटून रॉकेलच्या डब्यात टाकायचं काम आम्हा पोरांकडं असे. एरंडीच्या बीएवढी टम्म फुगलेली, ती माझ्या डोळ्यांपुढची गोचीड. लाइम देणारी ती काळ्या पायांची गोचीड मोठी झाली तरी तिळाएवढी, आणि माणसाला बहुतेक वेळा चावते ते तिचं पिल्लू, खसखशीच्या दाण्याएवढं. चावताना तिच्या लाळेमुळं जागा बधिर होते. दुखत नाही, खाजत नाही. तीन-चार दिवस ती तिथं चिकटून रक्त पिते आणि गळून पडते. बहुसंख्य रुग्णांना चावल्याचं आठवतच नाही ते म्हणूनच. "गोचीड चावली का?" या प्रश्नाला मी "छे!" म्हटलं ते मात्र अगदी प्रामाणिकपणे. नाडीशी चिकटलेली खसखस मला कशी दिसावी?

आणखी एक गंमत. मी हरणांवर भाळले होते, आणि नंतर सगळा राग हरणांवर काढला. पण गोचिडीला जंतू मिळतो तो हरणापासून नव्हे, उंदरापासून! पांढऱ्या पायांचे छोटे रानउंदीर असतात तिकडं. गोचीड जन्मते तेव्हा निर्दोष असते, पहिलं रक्त उंदराचं प्यायली की जंतू तिच्यात येतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती माणसाला चावली की आपल्यात. हरणं मोठ्या गोचिडींना फक्त जेवू घालतात. हे उंदीर राहतात कुठं? पाचोळ्यात, आणि दगडी गडग्यांच्या फटींत. जिथं मी रोज संध्याकाळी बसत होते.

असो. तर सातारला परत आलो. अधिक श्रावण चालू होता. एके सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळू लागलं. आरशात पाहिलं तर डावा डोळा मिटेना, हसू एकाच बाजूला. ह्यांचे तर हातपायच गळाले. शेजारच्यांनी गाडी काढली, दवाखान्यात मेंदूचा सीटी स्कॅन झाला. अर्धांगवायू नव्हता, फक्त चेहऱ्याची नस सुजली होती. याला बेल्स पाल्सी म्हणतात आणि बहुतेक वेळा कारण सापडत नाही. शेजारणीनं मात्र कारण सांगितलं, खिडकीतला वारा लागला! तिथल्या डॉक्टरांना दोष देणार नाही. त्यांनी विचारलं होतं, "अमेरिकेत काही आजार झाला होता का?" ह्यांनी अभिमानानं निळी फाइल उघडली. डॉक्टरांनी तो कागद पाहिला. "अच्छा, लाइम तपासलंय. निगेटिव्ह आहे." फाइल बंद. स्टिरॉइडच्या गोळ्या, गालाचे व्यायाम, रात्री डोळ्याला पट्टी. दीडएक महिन्यात चेहरा बराचसा सरळ झाला.

दोडामार्गला माझी मावसबहीण असते. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तिकडं रानात गेली होतीस का? गोचीड चावली असेल." मला हसू आलं. तिच्या भागात २०१६ पासून माकडतापानं माणसं दगावली आहेत, तो गोचिडीपासून येतो, काजूच्या बागेत जाऊन आलेल्या माणसाला ताप आला की तिकडं आधी तीच शंका घेतात. तो वेगळा आजार, विषाणूचा, १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात सापडलेला. लाइमशी त्याचं काही नातं नाही. पण प्रश्न तिचा बरोबर होता! दहावी नापास माझी बहीण, आणि मी बी.ए. बी.एड. म्हणते कशी, "अगं, अमेरिकेत कसली गोचीड!"

नवरात्रात गुडघा सुजला. उजवा. असा सुजला की शहाळंच. नवल म्हणजे सुजेच्या मानानं दुखणं कमी. एकानं सांगितलं, वय झालं, झीज आहे. दुसऱ्यानं चिकनगुन्या तपासला, युरिक अॅसिड तपासलं. गुडघ्यातून पाणी काढलं, पंधरा दिवसांत पुन्हा भरलं. प्रत्येक वेळी ह्यांची फाइल उघडत होती आणि प्रत्येक वेळी तो कागद आपली साक्ष देत होता. मीही थकले होते. जिना उतरता येईना, देवासमोर बसता येईना, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींची भिशी सुटली. रात्री वाटायचं, हे असंच आता शेवटपर्यंत.

शेवटी पुण्याला संधिवाताच्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. पस्तिशीच्या असतील. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का? मी काकूंशी बोलते." हे थोडे नाराज झाले, फाइल आतच राहिली होती ना! मग मला म्हणाल्या, "काकू, अमेरिकेत गेल्या दिवसापासून सांगा. बारीकसारीक सगळं. मी मध्ये बोलणार नाही."

आणि मी सांगत गेले. गडगा, हरणं, दूर्वा. मग आपसूकच ते आलं. "तेवढा एक कमरेला नायटा उठला होता, पण तो आपला नेहमीचाच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "खाजत होता?"

"नाही."

"वाढत गेला?"

मी तळहात दाखवला.

"ताप आला तेव्हा तिथल्या डॉक्टरांना सांगितलंत?"

मंडळी, सातवीच्या वर्गात गृहपाठ न केलेली मुलगी जशी उभी राहते तशी मी बसून होते.

मग त्यांनी फाइल उघडून त्या रिपोर्टची तारीख पाहिली. २२ जून. गवतात बसले ती ७ जून. पंधरा दिवस! त्यांनी मला समजावलं ते जमेल तसं सांगते. मलेरियाचा जंतू रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. लाइमचा जंतू रक्तात इतका कमी असतो की तो शोधत बसणं व्यर्थ. म्हणून जंतूऐवजी आपल्या शरीरानं त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात. पण ती तयार व्हायला शरीराला काही आठवडे लागतात. त्याआधी रक्त काढलं तर ते बहुधा निगेटिव्हच येणार. आजार असूनही.

मी ऐकत होते आणि मला माझ्या परीक्षा आठवत होत्या. धडा शिकवून व्हायच्या आत पेपर घेतला आणि मुलानं तो कोरा दिला, तर त्याला ढ म्हणणारे शिक्षक मी पाहिलेत. एखाद्या वेळी मीही म्हटलं असेल.

म्हणूनच, त्या म्हणाल्या, ज्या भागात हा आजार आहे तिथं असा चट्टा दिसला तर डॉक्टर रक्ततपासणीची वाटच बघत नाहीत. चट्टा हाच पुरावा. लगेच औषध सुरू. तुम्ही तो त्यांना दाखवला असता तर दहा ते चौदा दिवसांच्या गोळ्यांत काम झालं असतं. त्यांनी हे रागावून सांगितलं नाही, त्यामुळं जास्तच लागलं.

पण चट्टा ओळखणंही सोपं नाही बरं का. लेकीच्या घराजवळच्या बागेत गोचिडीची सूचना देणारा एक फलक होता, तो मी रोज बघत होते. त्यावर गोऱ्यापान पायावर नेमबाजीच्या वर्तुळांसारखी लालबुंद नक्षी, मध्ये ठिपका, बाजूनं मोकळी जागा, बाहेर कडं. आजार झालेल्यांपैकी शंभरात सत्तर-ऐंशी जणांना चट्टा उठतो, बाकीच्यांना नाहीच. ज्यांना उठतो त्यातल्या पुष्कळांना ती नक्षी नसतेच, नुसता एकसारखा डाग असतो. आणि सावळ्या, काळ्या कातडीवर तो लाल न दिसता जांभळट, तपकिरी दिसतो. पाठीवर, काखेत, केसांत, कमरेला असला की दिसतही नाही. त्या फलकावरचा पाय माझ्यासारखीचा नव्हता, म्हणून मी दोन्हींची सांगड घातली नाही. एवढी एक सबब मी स्वतःला देते. पण "नाही" म्हणाले त्याला ही सबब चालत नाही.

मग पुढचं सगळं जुळत गेलं. ताप, अंगदुखी म्हणजे फ्लू वाटला. चेहरा वाकडा झाला तो वारा वाटला. गुडघा सुजला ते वय वाटलं. कुणाकुणाच्या हृदयाच्या ठोक्यांतही हा जंतू गडबड करतो. प्रत्येक वेळी दुसरा अवयव, दुसरा डॉक्टर, आणि मध्ये आठवड्यांचं, महिन्यांचं अंतर. पॉली मरींच्या घरात हेच होत होतं. अमेरिकेत २०१० ते २०१८ या काळातल्या आकड्यांवरून दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांना लाइमचे उपचार दिले जात असा तिथल्या सरकारी संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे कनेटिकटमध्ये हा घरोघरचा आजार. पण सातारच्या डॉक्टरांनी आयुष्यात किती पाहिले असतील? त्यांनी डेंग्यू आणि चिकनगुन्याच बघायचा. मी आजार एका देशात घेतला आणि लक्षणं दुसऱ्या देशात दाखवली.

रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. ही तपासणी दोन टप्प्यांत होते, पहिली पॉझिटिव्ह आली तरच दुसरी. दोन्ही पॉझिटिव्ह. मला खरं सांगायचं तर आनंद झाला! आजार निघाल्याचा आनंद हे ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्यांनी महिनोन्‌महिने "वय झालं" ऐकलंय त्यांना कळेल.

अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन. दोन्ही वेळा पेलाभर पाण्याबरोबर, लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात फिरायचं नाही, आणि गोळीच्या वेळेला दूध, दही नाही. सकाळच्या दुधाच्या चहाची वेळ पुढं ढकलावी लागली, त्याचा त्रास गुडघ्यापेक्षा जास्त झाला. महिन्याभरात सूज निम्मी, संक्रांतीपर्यंत मी जिना उतरू लागले. डावा डोळा अजून हसताना किंचित बारीक होतो.

थकवा मात्र पुढं बरेच महिने राहिला. तेव्हा इंटरनेटवर वाचायला बसले आणि घाबरून गेले. उपचारानंतरही काहींना थकवा, अंगदुखी राहते हे खरं, त्याला डॉक्टरही नाकारत नाहीत. पण तो जंतू अजून आत दडून बसलाय, वर्षभर सलाइनमधून औषधं घ्या, असं सांगणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांवर तुटून पडतात. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लांबच लांब प्रतिजैविकांचे प्रयोग झालेत, टिकणारा फायदा दिसला नाही, अपाय मात्र दिसले. आणि आता पुन्हा रक्त तपासू नका, ती प्रतिपिंडं बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात सापडतात. घ्या! आधी आजार असून कागद म्हणे नाही, आता आजार नसताना कागद म्हणणार आहे. मला त्यांचं पटलं. पण ज्यांचं दुखणं थांबत नाही त्यांनी दारोदार फिरावं यात मला नवल वाटत नाही. मीही चार दारं फिरलेच की.

लेकीला सांगणं सगळ्यात अवघड होतं. पुण्याहून परत आल्या रात्री फोन केला. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आई, मी विचारलं होतं तुला." मी म्हटलं, "हो, विचारलं होतंस." ती म्हणाली, "मी ह्याला बाहेर जायला सांगायला हवं होतं. तू सांगणार नाहीस हे मला कळायला हवं होतं." आणि रडायला लागली. चूक माझी, आणि ती स्वतःला बोल लावतेय! मी रागावले तिला. मग मीही रडले. हे निळी फाइल मांडीवर घेऊन शेजारी बसले होते. त्यांनी त्या रात्री तो जूनचा रिपोर्ट पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की लक्षणं नुकती सुरू झाली असतील तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं. पाच महिने तो कागद आम्ही तीन शहरांत फिरवला, आणि ती ओळ कुणीच वाचली नव्हती. मी लाल पेन घेतलं आणि त्याच्यावर तारखांसकट लिहून ठेवलं, चट्टा होता, सांगितला नव्हता.

गेल्या महिन्यात व्हिडिओवर बोलताना मी सहज मान खाजवली. लेकीनं लगेच विचारलं, "अंगावर काही उठलंय का?" मी म्हटलं, "अगं, घामोळं आहे, उन्हाळा आहे इकडं." "दाखव." मी पदर बाजूला करू लागले तोवर तिच्या मागं सोफ्यावर बसलेले जावई पेपर घेऊन उठले आणि स्वयंपाकघरात निघून गेले. मी फोन मानेजवळ धरला. घामोळंच होतं.